खांब रविवारपर्यंत मोकळा

शर्यत रविवारी होती आणि माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स गुरुवारीच लागला.

गुरुवारी सकाळी मी दूध आणायला कोपऱ्यावर गेलो, सहज मान वर केली आणि दूध आणायचं राहूनच गेलं. कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबावर दहा फूट उंचीचा मी उभा होतो. अंगात निळा कोट, जो मी जन्मात शिवलेला नाही. डोळ्यांवर काळा चष्मा, जो लावला तर मला समोरचा माणूस ओळखू येत नाही. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'सातारा येथील एकवीस किलोमीटरची डोंगरी मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल आमचे मित्र, धावपटू मा. श्री. लालासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो. त्यातल्या चौघांशी माझं बोलणं नाही. सगळ्यात मोठा फोटो आकारामचा, माझ्याही फोटोपेक्षा बोटभर मोठा.

आकाराम हा माझा शेजारी. विमा विकतो. आमच्या सांगलीत दोन प्रकारची माणसं आहेत, एक ज्यांचे फ्लेक्स लागतात ती आणि दुसरी जी ते लावतात ती. आकाराम दुसऱ्या प्रकारात मुरलेला. बारसं असो, बदली असो, कुणाच्या म्हशीला बक्षीस मिळो, फ्लेक्स आकारामचा. मी तडक त्याच्या दारात गेलो. तो दात घासत होता.

"आकाराम, अरे शर्यत अजून व्हायचीय."

"व्हय की. रविवारी हाय," तो म्हणाला.

"मग पूर्ण केल्याबद्दल म्हणून आत्ताच कसं लिहिलंस?"

त्यानं शांतपणे चूळ भरली. "लाला, खांब रविवारपर्यंतच मोकळा हाय. रविवारी सांजच्याला सातला तिथं वॉर्डातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा चढणार. त्यो मग पंधरा दिस उतरत नसतोय."

"मग सोमवारी दुसऱ्या खांबावर लावायचा."

"दुसरा कुठला? शाळेपाशी श्रद्धांजली हाय. टाकीपाशी कुणाची तरी निवड झालीया. कोपऱ्यावरचा खांब असा मिळत नसतो गड्या. मिळालाय तर लावून घ्यायचा. पळायचं काय, तू पळणारच हायस."

"आणि नाही पूर्ण झाली तर?"

"तसं लिवायला जागा न्हवती," आकाराम म्हणाला आणि टॉवेल शोधायला आत गेला.

आता मुळात मी या फंदात पडलो कसा, हे फार लांबण लावण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत तानाजी राहतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, त्यामुळे सगळे त्याला फौजी म्हणतात. पहाटे पाचला तो समाजमंदिरापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत पळतो आणि परत येतो. एवढं अंतर त्यानं स्वतः टेप लावून मोजलंय, बरोबर सहाशे मीटर. एक दिवस त्यानं मला आणि आकारामला हाताला धरून बाहेर काढलं, आणि पाच महिने आम्ही रोज समाजमंदिर ते खांब, खांब ते समाजमंदिर असे मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे झालो. एके दिवशी माझ्या वीस फेऱ्या झाल्या. तेव्हा फौजीनं आमच्या दोघांची नावं साताऱ्याला देऊन टाकली. त्याचा एकच उपदेश होता. "लाला, चलना है तो चल. रांगत जा. पण थांबायचं न्हाई. थांबला तो बसला."

माझी अडचण वेगळीच होती, आणि ती फक्त आमच्या माळ्याला माहीत होती. आमच्या माळ्यावर एक हार्मोनियम आहे, जिच्यावर मी तीन राग शिकणार होतो आणि एकाच्या निम्म्यावर थांबलो. वकिलीच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं आहेत. दुसऱ्या वर्षाची नाहीत. एका कपाटाच्या दोन बाजू आहेत, ज्यांना पाठ आणि दारं मिळायची राहिली. माझी बायको अंजना यावर मला कधी एका शब्दानं बोललेली नाही. दर दिवाळीला ती सगळं खाली काढते, पुसते आणि परत वर ठेवते. ती बोलली असती तर मी भांडलो असतो. पुसते म्हटल्यावर माणूस काय करणार?

गुरुवारी संध्याकाळी ती भाजी घेऊन आली ती कोपऱ्यावरूनच. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "फोटो बरा आलाय."

"कोट माझा नाही," मी म्हणालो.

"ते कळतंय." मग वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवं, पुरी कराल न्हवं?"

मी करीन म्हणालो. एकवीस किलोमीटरची मला भीती नव्हती असं नाही, पण आता त्याहून मोठी भीती या प्रश्नाची होती. सव्वीस वर्षांत तिनं हा प्रश्न पहिल्यांदाच तोंडानं विचारला होता.

शुक्रवारी माझं अभिनंदन सुरू झालं. न्हाव्यानं केलं, पिठाच्या गिरणीत झालं. मी प्रत्येकाला सांगत होतो की शर्यत अजून व्हायची आहे, आणि प्रत्येक जण "व्हय व्हय" म्हणून माझा हात हातात घेत होता. गल्लीतल्या जोतिबाअण्णांनी तर मला उभं करून विचारलं, "साताऱ्याचा घाट लय अवघड असंल न्हाई? कसा चढलासा?" मी म्हणालो, चढणार आहे. ते म्हणाले, "तेच की, कसा चढलासा?" शेवटी मी कसा चढलो ते त्यांना सांगितलं, कारण मला कार्यालयात वेळेवर पोचायचं होतं.

कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. शनिवारी आमच्याकडे तपासणी असल्यानं सुट्टी रद्द झाली होती, म्हणून रजेचा आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज मी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"लालासाहेब, मॅरेथॉनसाठी रजा मागताय?"

"होय साहेब. रविवारी आहे."

"पण मी सकाळी येताना बघितलं, तुमची तर झाली आहे."

मी सगळा खुलासा केला. खांब, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, उद्या कुणी तक्रार केली की होऊन गेलेल्या कार्यक्रमासाठी यांनी रजा मंजूर केली, तर मी काय उत्तर देऊ? चौकात जाहीर फलक आहे. तुमच्या अर्जापेक्षा तो मोठा आहे." शेवटी मी 'सदर फलक हा आगाऊ स्वरूपाचा असून त्यातील मजकुराशी अर्जदार रविवारपर्यंत सहमत नाही' असं पुरवणी निवेदन लिहून दिलं. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि रजा दिली. निघताना मात्र म्हणाले, "आता पूर्ण कराच. हे निवेदन फायलीला लागलंय."

मॅरेथॉनवाल्यांना डॉक्टरचा दाखलाही हवा होता. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि कपाळाला आठी घातली. "एवढा वाढलाय कधीपासून?" मी म्हणालो, कालपासून. त्यांनी विचारलं, "काल काय झालं?" मी खिडकीतून कोपऱ्याकडे बोट केलं. त्यांनी बघितलं, थोडा वेळ विचार केला आणि दाखला लिहून दिला. बावीस शुभेच्छुकांमध्ये त्यांचाही फोटो होता.

शनिवारी दुपारी आकारामच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. वाटेत आकारामनं सांगितलं की रविवारी सहा वाजता समाजमंदिरात माझा सत्कार ठेवलाय. फेटा, शाल, नारळ. पाहुणे म्हणून निवृत्त मुख्याध्यापक येणार आहेत. पेठ नाका येईपर्यंत मला घाम फुटला होता आणि गाडीत एसी चालू होता.

साताऱ्यात उतरायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता. यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी अंजनाची मावशी राहते, शालूबाई. जावई साताऱ्यात येऊन लॉजवर उतरला असं झालं असतं तर दोन्ही जिल्ह्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मावशींनी आमच्यासाठी मटणाचा बेत केला होता. फौजी म्हणाला, शर्यतीच्या आदल्या दिवशी तिखट चालत नाही, वरणभात बरा. मावशी म्हणाल्या, "वरणभातावर कोण पळतंय? आमच्यातली निम्मी गल्ली फौजेत हाय, सगळी ह्याच रश्श्यावर गेलीती." यावर फौजीनंच पहिलं ताट पुढे ओढलं. आम्ही जेवलो. आकारामनं तीनदा रस्सा घेतला.

जेवताना आणखी एक गोष्ट कळली. शर्यतीचा रस्ता मावशींच्या दारावरून जाणार होता. जाताना घाटाकडे आणि येताना मैदानाकडे. मैदान तिथून अडीच किलोमीटर. मला तेव्हा बरं वाटलं. ओळखीचं माणूस वाटेवर असलं की आधार असतो, असा माझा समज होता.

रविवारी साडेसहाला बंदूक वाजली. चार हजार माणसं पळत सुटली आणि मी त्यांच्या मागे. नियम साधा होता, दहाच्या आत परत आलं पाहिजे. साडेतीन तास. दहानंतर रस्ता वाहनांना खुला होणार आणि मागे राहिलेल्यांना गोळा करत मागून एक बस येणार. फौजी पहिल्या वळणावरच दिसेनासा झाला. आकाराम घाट लागता लागता कठड्याला टेकला. "लाला, कालचा रस्सा वर येतोय रं. तू हो फुडं. तुझा फ्लेक्स हाय, माझा न्हाई." त्याच्या बोलण्यात थोडी तक्रारही होती. त्याची अपेक्षा होती की त्यानं माझा लावला तसा मी त्याचा लावावा. पण मला ते सुचलंच नव्हतं.

मी घाट चढलो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. चालत चढलो, कण्हत चढलो, एका ठिकाणी कठड्याशी बोलतही होतो. पण थांबलो नाही. रस्त्याकडेला साताऱ्याची माणसं उभी होती, ताशा वाजवत होती. अनोळखी बायका "पळा काका, पळा" म्हणत होत्या. वर जाऊन वळलो आणि उतार लागला तेव्हा घड्याळ बघितलं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे जमतंय. मनातल्या मनात मी हिशेब केला. याच चालीनं गेलो तर दहाला पाच कमी असताना मी मैदानात. अंजनाला फोनवर काय सांगायचं, ते वाक्यसुद्धा मी तयार केलं.

नऊ एकतीसला मावशींचं दार आलं.

दारात पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. मावशी हातात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे अख्खी गल्ली. मी हात हलवला आणि तसाच पुढे जाऊ लागलो.

"आवं जावईबापू, दारावरनं तसंच जाताय व्हय?"

मावशी हे ओरडून म्हणाल्या नाहीत. साध्या आवाजात म्हणाल्या, आणि म्हणूनच माझे पाय थांबले. माझ्यासारख्या माणसाला पोलिसानं थांबवलं तर तो वाद घालील. पण सासुरवाडीच्या म्हाताऱ्या माणसानं भरल्या ताटासह हाक मारली, तर पळत सुटायचं शिक्षण आमच्याकडे कुणाला मिळालेलं नाही. मी म्हणालो, "मावशी, वेळ फार कमी आहे." त्या म्हणाल्या, "वेळ कशाला लागतोय? बसा नुसतं."

मी पाटावर बसलो. मांडी घालून. अठरा किलोमीटरांहून जास्त पळून आलेल्या माणसानं मांडी घालू नये, हे मी आता अनुभवानं सांगतो. कुंकू झालं, ओवाळणं झालं, साखर झाली. मग गल्लीतल्या पाच सवाष्णींनी ओवाळलं, कारण एकीनं ओवाळून दुसरीनं नुसतं बघत राहायचं हे बरं दिसत नाही. मग मी थोरांच्या पाया पडलो. वाकलो की उठवेना, म्हणून एक निवृत्त सुभेदार मला दर वेळी काखेत धरून उभं करत होते. मग चहा आला. मी नको म्हणालो. "कपभर तर हाय," मावशी म्हणाल्या. चहा उकळता होता. मी तो बशीत ओतून फुंकत होतो आणि समोरून माणसं पळत चालली होती. एक सत्तरीचे गृहस्थ गेले. एक बाई फोनवर बोलत गेल्या. फौजीचं वाक्य कानात घुमत होतं आणि माझ्या हातात बशी होती. मी रडायच्या बेतात होतो.

मी उठलो तेव्हा नऊ बेचाळीस झाले होते. अकरा मिनिटं.

त्यानंतरचं सगळं पायांनी केलं, मी नाही. मांडी घातलेले पाय सरळ व्हायला तयार नव्हते. पोटरीत गोळे येत होते. तरी मी चाललो, पळालो, परत चाललो. दहाला मैदानाचं फाटक जिथून दिसतं त्या वळणावर होतो. फाटकावरची कमान दिसत होती, कर्ण्यावरचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि शेजारी बस येऊन उभी राहिली.

"काका, वेळ संपली. बसा," स्वयंसेवक म्हणाला.

"अहो, इथंच तर आहे. किती राहिलं?"

त्यानं हातातला कागद बघितला. "सहाशे मीटर. पण दहाला रस्ता खुला करायचा आदेश आहे."

"मी कडेनं चालत जातो."

"जावा की. पण नोंद होणार नाही, पदक नाही." तो काही वाईट माणूस नव्हता. बसच्या खिडकीतून आकारामचं डोकं बाहेर आलं. हातात केळ होतं. "ये रं लाला, बस हितं. जागा धरलीया."

आणि मी बसलो.

हेच मला तुम्हाला सांगायचं होतं, आणि हेच सांगायला जड जातंय. मावशींना दोष देणं सोपं आहे, बसला देणं त्याहून सोपं. पण मला कुणी ओढून बसवलं नाही. कडेनं चालत जायची वाट मोकळी होती. नोंद नाही म्हटल्यावर मी हात वर केला, आकारामनं तो धरला आणि मी पायरी चढलो. सव्वीस वर्षं मी असाच पायऱ्या चढत आलोय. सीटवर टेकलो आणि मला आमचा माळा दिसला.

मैदानात फौजी गळ्यात पदक घालून उभा होता. दोन तास सहा मिनिटांत आला होता. माझं तोंड बघून त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. परतीच्या वाटेवर कराड गेलं. मग आकाराम म्हणाला, "हे बघ, सहाला सत्कार हाय. माणसं बोलावलीती. फौजीचं पदक घाल आन् उभा ऱ्हा. पदकावर काय नाव असतंय व्हय?"

मी फौजीकडे बघितलं. त्यानं पदक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "मला अशी अकरा हायत. एक तू घाल," म्हणाला, आणि सांगली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

समाजमंदिर भरलं होतं. फेटा बांधला गेला, शाल आली, नारळ आला. आकारामनं सगळ्यांसमोर ते पदक माझ्या गळ्यात घातलं आणि फोटो काढून घेतले. निवृत्त मुख्याध्यापक जिद्द या विषयावर अर्धा तास बोलले आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे हात करत राहिले. तिसऱ्या रांगेत अंजना बसली होती. लग्नातला शालू नेसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते मला बघवेना. ती खूश होती.

मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी माईक धरला आणि म्हणालो, "मी शर्यत पूर्ण केलेली नाही. सहाशे मीटर राहिली. हे पदक तानाजीचं आहे."

मग मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. "पाहा, याला म्हणतात विनय," ते म्हणाले, आणि सगळं समाजमंदिर टाळ्या वाजवू लागलं. जोतिबाअण्णा शेजाऱ्याला म्हणाले, "आरं, घाट कसा चढला ते मला सोता सांगितलंय त्यानं." मी परत सांगितलं की खरंच राहिली. टाळ्या आणखी वाढल्या. फ्लेक्सवर चार दिवस लाल अक्षरांत लिहिलेलं असताना माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार?

एकटी अंजना टाळ्या वाजवत नव्हती. चहाचे कप फिरू लागले तशी ती उठली आणि माझ्यापाशी आली.

"आवं, खरं सांगा. कुठं थांबलासा?"

"मावशींच्या दारात. अकरा मिनिटं. नंतर बस आली आणि... मी बसलो."

तिनं डोळे मिटून घेतले. वाटलं, आता मात्र ती बोलणार. "मावशीनं आपल्या लग्नात वरात अर्धा तास आडवली होती," ती म्हणाली. "चहा पाजायला." तिनं दाराबाहेर बघितलं. "हितनं कोपऱ्यावरचा खांब किती लांब हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत भिंतीला टेकून उभा असलेला फौजी म्हणाला, "छे सौ. टेप लावून मोजलंय."

घड्याळात सात वाजायला पंधरा कमी होते.

मी पदक काढून फौजीच्या हातात दिलं. नारळ अंजनानं घेतला. फेटा काढायला वेळ नव्हता, शाल खांद्यावरच राहिली, आणि पायांत होत्या त्या चपलांनिशी मी समाजमंदिराची पायरी उतरलो. पळणं म्हणावं असं ते नव्हतं. पोटऱ्या ओरडत होत्या, टाचांना फोड आले होते. अंजना शालूच्या निऱ्या एका हातात आणि नारळ दुसऱ्या हातात धरून शेजारून भरभर चालत होती, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या थोडी पुढेच होती. निम्म्या वाटेवर एका दारात गल्लीतल्या वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या.

"भावजी, थांबा की, ओवाळते."

माझे पाय सवयीनं रेंगाळले. अंजना मागे वळूनही न बघता म्हणाली, "वहिनी, उद्या. आज थांबणार न्हाईत ते." आणि मी थांबलो नाही.

कोपरा आला तेव्हा खांबाला शिडी लागली होती. वर चढलेल्या माणसानं माझ्या फ्लेक्सच्या चारपैकी तीन दोऱ्या कापल्या होत्या. निळा कोट दुमडून खाली लोंबत होता, काळ्या चष्म्याची एक काच तेवढी दिसत होती. खाली वाढदिवसाचा फ्लेक्स गुंडाळून तयार होता.

"दादा, एक मिनिट. ते जरा वर धरा," अंजना म्हणाली.

"वैनी, सातला दुसरा चढवायचा हाय."

"सातला अजून चार मिनिटं हायत."

त्यानं घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या नारळाकडेही बघितलं. मग लोंबणारं टोक एका हातानं उचलून धरलं. 'यशस्वीरीत्या पूर्ण' एवढी अक्षरं वाचता येत होती. मी त्याखालून गेलो आणि खांबाला हात लावला. खांब दिवसभराच्या उन्हानं कोमट होता. टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं, सगळे समाजमंदिरात चहा पीत होते. मला श्वास घेता येत नव्हता आणि हुंदकाही आवरत नव्हता. एवढा मोठा फेटा बांधलेला माणूस चौकात रडताना बरा दिसत नाही, म्हणून मी शाल तोंडावर घेतली.

"झालं?" वरच्या माणसानं विचारलं.

"झालं," अंजना म्हणाली. "आता सोडा."

तिनं तो फ्लेक्स खाली पडू दिला नाही. घडी घालून काखेत मारला. घराकडे वळताना मी लंगडत होतो, ती नारळ वाजवून बघत होती. दारापाशी आल्यावर म्हणाली, "आवं, त्या हार्मोनियमचा भाता तेवढा दुरुस्त करून आणा. दीड रागच राहिलेत की."

दीड नाही, अडीच राहिलेत. तरी भाता मी मंगळवारी दुरुस्तीला दिला, आणि आता रोज संध्याकाळी दार लावून हळू आवाजात बसतो. ही गोष्ट फक्त तुम्हाला सांगितली आहे. आकारामच्या कानावर जाऊ देऊ नका. पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरचा खांब चार दिवस मोकळा आहे.